डोंगरावरचे घर आणि घारीचे घरटे



अक्कमहादेवींचे एक वचन आमच्या प्रसाद निलयातील प्रत्येक मुलाला पाठ असते. आधी ते कन्नडमध्ये म्हणायचे आणि मग मराठीत त्याचा अर्थ सांगायचा, ही सीमाभागातील आमच्या मठाची जुनी रीत आहे. आपण घर कोठे बांधले आहे हे ओळखून घरधन्याने वागावे, आणि जगात जन्म घेतल्यावर स्तुतिनिंदेने रागाच्या आहारी न जाता शांत राहावे, असा त्या वचनाचा भाव आहे. डोंगर, समुद्र आणि बाजार असे तीन दृष्टान्त अक्कांनी त्यात योजले आहेत. वचन सर्वपरिचित असल्यामुळे ते येथे उतरवून घेत नाही. आज आपल्याला त्यातील पहिल्याच दृष्टान्ताचा विचार करावयाचा आहे. डोंगरावर बांधलेले घर आणि त्याच्या भोवती वावरणारी श्वापदे, यांचा परस्परांशी धर्म कोणता?

हा विचार आम्हाला पोथीतून सुचलेला नाही. एका चुकीतून सुचला आहे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

2023 च्या जानेवारीत एका भक्ताने मठाला सशांची एक जोडी आणून दिली. मुले हरखून गेली. मठामागे चिंचेचे जुने झाड आहे, त्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत त्यांनी विटा रचून एक आवार केले. कमरेइतकी भिंत, आत गवत, एक फुटके रांजण आडवे टाकून केलेले बीळ. वर काही नव्हते. आम्ही ते पाहिले आणि मुलांचे कौतुक केले. वर छप्पर नाही ही गोष्ट आम्हाला दिसली होती. "पुढे बघू" असे मनात म्हटले आणि पूजेला गेलो.

फेब्रुवारीत सशीला चार पिल्ले झाली. तीन आठवड्यांची होऊन ती बाहेर फिरू लागली, आणि एका सकाळी घारीने त्यांपैकी एक उचलून नेले. दोन दिवसांनी दुसरे नेले. पिल्लाचा तो बारीक आवाज प्रार्थनेला बसलेल्या सर्व मुलांनी ऐकला. सशांची निगा ठेवणारा मुलगा बारा वर्षांचा होता, घरी कन्नड बोलणारा. तो धावत आला आणि म्हणाला, "अप्पाजी, हद्दू पिल्लू घेऊन गेला. त्याचं घरटं ह्याच चिंचेवर आहे. आम्ही काढून टाकू का?"

लिहिताना आम्ही 'आम्ही' म्हणतो, ती पीठाची भाषा झाली. पण पुढचे सांगताना 'मी' म्हणणेच योग्य आहे, कारण चूक माझ्या एकट्याची होती. मी काहीच बोललो नाही. माझ्याही मनात त्या वेळी घारीविषयी राग होता. गुरूचे मौन म्हणजे संमती, असे मुलांनी मानले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तासाभरात दगड आणि लांब बांबू यांनी घरटे खाली आले. त्यात चिंध्या होत्या, दोरीचे तुकडे होते, प्लॅस्टिक होते, आणि दोन पिल्ले होती. एक पडताच मेले. दुसरे चोच उघडून आमच्याकडे पाहत राहिले. घार दिवसभर झाडावर घिरट्या घालीत ओरडत होती.

संध्याकाळी तोच मुलगा पुन्हा आला. रडून त्याचे डोळे सुजले होते. त्याने विचारले, "अप्पाजी, घारीनं पिल्लू नेलं म्हणून तिला पाप लागलं. मग आता आम्हाला पण लागलं का?"

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या माणसांना बोलावून झाला प्रकार सांगितला आणि जिवंत पिल्लू त्यांच्या स्वाधीन केले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे घरटे पाडणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याला उत्तर देणे सोपे होते. मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते.

प्रश्नाचा पहिला भाग आधी पाहू. घारीला पाप लागते काय? पाप आणि पुण्य यांचा संबंध जाणिवेशी आहे. 'हे मी करतो आहे, हे न करता दुसरे करता आले असते,' असे ज्याला कळते त्यालाच कर्माचा लेप लागतो. घारीला अन्य मार्ग नाही. तिच्या पोटाची, चोचीची आणि नखांची घडणच मांसाहाराची आहे. गाय गवत खाते म्हणून ती पुण्यवान होत नाही, तशीच घार पिल्लू नेते म्हणून पापी होत नाही. एका जिवावर दुसऱ्या जिवाचे जगणे अवलंबून आहे, हे भागवतकारांनीही सांगितले आहे. ते सांगताना त्यांनी कोणाला दोष दिलेला नाही.

शिवाय, घार म्हणजे कोण हे आम्हाला कोठे ठाऊक होते? तिचे पोट मुख्यतः मेलेल्या जनावरांवर, उकिरड्यावर, उंदीर-घुशींवर आणि पावसाळ्यात निघणाऱ्या किड्यांवर भरते. ती दिसते मोठी, पण वजनाने साधारणपणे एक किलोच्या आतच असते. म्हणून मोठे मांजर किंवा वाढलेला ससा तिला उचलता येत नाही. कोवळे पिल्लू मात्र सहज जाते. दख्खनमध्ये तिचा विणीचा काळ हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत असतो. म्हणजे ज्या आठवड्यांत आमची सशी पिल्लांना पाजीत होती, त्याच आठवड्यांत चिंचेवर ती आपल्या पिल्लांना भरवीत होती. खाली एक आई आणि वर एक आई. आम्हाला त्यांतली एकच दिसली, कारण ती आमची होती.

बंधूंनो, सगळा गोंधळ या 'आमची' या शब्दात आहे. मठाच्या कोठारात उंदीर होतात म्हणून आम्ही मांजर पाळले आहे. त्याच मांजराने गेल्या काही वर्षांत किती खारी, किती चिमण्या, किती सरडे मारले असतील? त्या वेळी कोणी म्हटले नाही की याला पाप लागले. उलट, "किती चपळ आहे पाहा!" असे कौतुक झाले. मांजर आमचे, म्हणून त्याची शिकार हा खेळ. घार परकी, म्हणून तिची शिकार हा अपराध. न्याय असा असतो काय?

बसवण्णांनी एका प्रसिद्ध वचनात हाच दुटप्पीपणा दाखविला आहे. दगडाच्या नागाला दूध पाजणारे हात खरा नाग दिसताच काठी उचलतात, असा त्या वचनाचा रोख आहे. आपल्याकडे गरुडाची मूर्ती पूजितात, आणि गरुडाच्याच कुळातली घार अंगणावरून गेली की गोफण शोधतात. आम्ही मूर्तिपूजक नाही, असे आपण लिंगायत लोक अभिमानाने सांगतो. तरी त्या दिवशी आमच्याच आवारात ते वचन आमच्यावर उलटले.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. घारीला दोष नाही हे मान्य केले, तर मग सशाचे पिल्लू तिला नेऊ द्यावे काय? 'निसर्गाचा नियम' म्हणून हात जोडून बसावे काय? असे सांगणारेही पुष्कळ आहेत. ते आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही, ते नीट समजून घ्यावे लागेल.

रानातला ससा घारीपासून स्वतःला वाचवितो. त्याला पळायला रान असते, लपायला झुडूप असते, रंगही मातीशी मिळताजुळता असतो. आमचा ससा पांढराशुभ्र होता. त्याच्या भोवती आम्ही भिंत घातली होती. म्हणजे त्याची पळण्याची वाट आम्ही बंद केली, त्याचे झुडूप आम्ही काढले, त्याचा रंगही माणसाने पिढ्यान्पिढ्या निवडून असा केला की तो आकाशातून लांबवर दिसावा. ज्या प्राण्याच्या बचावाची सर्व साधने आम्ही काढून घेतली, त्याच्या बचावाचे ऋण आमच्या अंगावर आले. पाळणे या शब्दात पालन आहे. पालन म्हणजे नुसते खाऊ घालणे नव्हे. ज्याला आपण दुबळे केले, त्याची ढाल होणे म्हणजे पालन. म्हणून 'निसर्ग आहे, चालायचेच' हे वाक्य रानातल्या सशाविषयी बोलता येईल, अंगणातल्या सशाविषयी बोलता येणार नाही. विटांचे ते आवार निसर्गाने बांधलेले नव्हते.

तर मग रक्षण करावयाचे, हे ठरले. पण कोणाच्या खर्चाने?

येथे एक जुनी कथा उपयोगी पडते. महाभारताच्या वनपर्वात उशीनर राजाची कथा आहे. लोकांत ती त्याचा पुत्र शिबी याच्या नावाने अधिक प्रसिद्ध आहे. ससाण्याला भिऊन कबूतर राजाच्या आश्रयाला येते. पाठोपाठ ससाणा येतो आणि आपले अन्न मागतो. या ससाण्याचे म्हणणे आपण सहसा ऐकत नाही, कथेच्या शेवटाकडे धावतो. ससाणा म्हणतो की तू एकाला वाचवितोस, पण मी उपाशी मेलो तर माझी बायकामुलेही मरतील, तेव्हा एका धर्माच्या आड येणारा हा दुसरा धर्म कसला? राजाला हे म्हणणे खोटे ठरविता येत नाही. तो आधी बैल, डुक्कर, हरीण, रेडा अशा दुसऱ्या प्राण्यांचे मांस देऊ करतो. ससाणा नाकारतो. मग राजा तराजू आणवितो आणि कबुतराच्या वजनाइतके स्वतःचे मांस कापून पारड्यात घालतो. ससाणा म्हणजे इंद्र आणि कबूतर म्हणजे अग्नी होता, हे शेवटी कळते.

विद्यार्थीदशेत संस्कृत पाठशाळेत ही कथा शिकताना आम्हाला तिच्यात त्यागाचा अतिरेक दिसला होता. आता तिच्यातली पायरी दिसते. राजाने पहिल्यांदा जे देऊ केले, ते दुसऱ्याच्या जिवाचे होते. तो स्वस्त उपाय होता. कथेने तो नाकारला. जो आश्रय देतो, त्यानेच आश्रयाची किंमत मोजावी. ती कबुतराकडून घेऊ नये, ससाण्याकडूनही घेऊ नये, आणि वाटेवरच्या तिसऱ्या प्राण्याकडूनही घेऊ नये. आम्ही त्या फेब्रुवारीत नेमके उलट केले. सशाच्या रक्षणाची किंमत घारीच्या पिल्लाकडून वसूल केली. आमच्या खिशातून एक पैसा गेला नाही, आमच्या अंगाला घाम आला नाही. वर्षभर पाठ केलेले वचन रागाच्या एका तासात विसरलो.

अक्कांच्या दृष्टान्ताकडे आता पुन्हा वळू. डोंगरावर घर बांधून श्वापदांना भिणे त्यांनी व्यर्थ म्हटले आहे. याचा अर्थ घराला दार लावू नये, असा कोणी घेऊ नये. अक्का सांगतात ती घर बांधण्यापूर्वीची जाणीव आहे. डोंगर श्वापदांचा होता, तू नंतर आलास. हे आधीच ठाऊक असलेला माणूस दार घट्ट बसवितो, कुंपण घालतो, आणि निश्चिंत झोपतो. हे ठाऊक नसलेला किंवा विसरलेला माणूस दार उघडे टाकतो, आणि वाघ आला की डोंगर पेटवायला निघतो. भय आणि क्रोध ही एकाच विस्मृतीची दोन रूपे आहेत. वचनाचा शेवट अक्कांनी क्रोध सोडून समाधानात राहण्यावर का केला असेल, हे आम्हाला त्या पडलेल्या घरट्याजवळ उभे असताना प्रथम कळले.

आणि आज तर डोंगरावरचे घर हा नुसता दृष्टान्त राहिलेला नाही. आपली गावे रानात चढत आहेत आणि रान आपल्या गल्लीत उतरत आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरातच गॉल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, वनखात्याने शोधासाठी हत्ती आणले. अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अकोले भागात ऊसपट्ट्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात 87 टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. आता सांगा, रात्री दाराशी साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे राखण की आमिष? मोकळा कुत्रा निदान पळेल, ओट्याखाली शिरेल. साखळी घालून आपण त्याचे पळणे काढून घेतले आणि आपण कडी लावून आत झोपलो. आपले धनगर बांधव हे अधिक चांगले जाणतात. ते कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, म्हणजे श्वापदाला मानगूट धरता येत नाही. लांडग्याच्या वाटेवर मेंढरे चारणाऱ्याने आपल्या सोबत्याला दिलेले ते संरक्षण आहे.

दया हवी, हे बसवण्णांनी सांगितले आहेच. दयेवाचून धर्म उभाच राहत नाही, असा त्यांचा सिद्धान्त आहे. पण दयेला डोळे असावे लागतात. याचे एक मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. दुखण्याने कण्हणाऱ्या गुराला आराम पडावा म्हणून डायक्लोफिनॅक नावाचे औषध टोचले जाई. हेतू शुद्ध दयेचा होता. ते गुरू मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे त्या औषधाने निकामी होत. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. कारण 2004 मध्ये उघड झाले आणि 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आपल्या गाईवर दया करताना आकाशात कोण मरत आहे, इकडे कोणाचेही लक्ष नव्हते. न कळत झाले म्हणून त्यात आम्ही कोणाला दोष देत नाही. पण कळल्यावरही जे मेलेल्या शेळीत कीटकनाशक भरून बिबट्यासाठी ठेवतात, त्यांचे काय? ते विष बिबट्याबरोबरच कोल्ह्याला, मुंगसाला, कावळ्याला, घारीला आणि शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही मारते. आपल्या एका प्राण्यासाठी काढलेला राग कोठे थांबेल हे राग काढणाऱ्याच्या हातात राहत नाही.

येथे एक शंका येईल, आणि ती न्याय्य आहे. कोणी म्हणेल, "स्वामीजी, तुमचे ससे हौसेचे होते. ज्या विधवेची एकच शेळी बिबट्याने नेली, तिला हे सांगाल काय?" नाही, तिला आम्ही हे सांगणार नाही. तिची शेळी म्हणजे तिच्या मुलांचे दूध आणि शाळेची फी आहे. तिच्या रागाला आम्ही क्रोध म्हणणार नाही, तो आक्रोश आहे. परंतु तेथेही तत्त्व तेच राहते, फक्त किंमत मोजणारा बदलतो. वन्यप्राणी राखावेत ही सर्व समाजाची इच्छा असेल, तर त्याचा बोजा एकट्या विधवेने वाहू नये. गुरे मारली गेल्यास वनखात्याकडून भरपाई मिळण्याची तरतूद कर्नाटकात आहे आणि महाराष्ट्रातही आहे. पण तिला पंचनामा कोण करून देणार? अर्ज कोण लिहिणार? कचेरीच्या पायऱ्या तिच्याबरोबर कोण चढणार? गावातल्या शिकलेल्या शरणाने हे काम केले तर तो दासोहच आहे. आणि तिच्या गोठ्याला पक्के दार करून देणे हा त्याहून मोठा दासोह आहे.

दुसरी शंका त्या मुलानेच काढली. "अप्पाजी, मग आपण ससे पाळूच नयेत का?" हा प्रश्न आम्ही त्याच्यावरच सोपविला. आम्ही एवढेच सांगितले की रक्षण करण्याची तयारी नसेल तर पाळू नये. रक्षणाच्या नावाखाली वितीएवढ्या पेटीत कोंडणार असाल तर तेही पाळणे नव्हे. आठ दिवस त्याने विचार केला आणि मग येऊन म्हणाला की घर बांधू, पण नीट बांधू.

मग आम्ही सर्वांनी मिळून ते बांधले. ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी रीत सांगतो. कोंबड्यांसाठी मिळते ती पातळ षट्कोनी जाळी कुत्रा फाडतो. अर्ध्या इंचाच्या चौकटीची वेल्ड केलेली जाळी घ्यावी, कारण बारीक फटीतून मुंगूस शिरते आणि साप तर शिरतोच. जाळी चारही बाजूंनी जमिनीत फूटभर पुरावी आणि तिचे टोक बाहेरच्या बाजूला वळवावे, म्हणजे उकरणाऱ्याला वाट मिळत नाही. वर छप्पर हवेच, निम्मे जाळीचे आणि निम्मे सावलीचे. आत एक बंद खोके ठेवावे. ससा फार भित्रा असतो, बाहेर श्वापद नुसते फिरले तरी धसक्याने दगावू शकतो. त्याला नजरेआड होता आले पाहिजे. नायलॉनची सैल जाळी कधीही लावू नये. तीत धामण अडकते, घुबड अडकते, आणि सुटण्याच्या धडपडीत मरते. दाराला दोन कड्या असाव्यात. व्हरांड्यात पक्ष्यांचा पिंजरा टांगणाऱ्यांनी त्याची मागची बाजू आणि वरची बाजू फळीने झाकावी. शिक्रा पिंजऱ्यावर झडप घालतो तेव्हा त्याची नखे आत पोचली नाहीत तरी आतले पाखरू फडफडून स्वतःलाच जखमी करून घेते. आपला पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा तर 1972 च्या कायद्याने गुन्हाच आहे, तेव्हा त्याच्या रक्षणाचा खरा उपाय तो न पकडणे हाच आहे. आणि घराभोवती खरकटे, मांसाचे तुकडे टाकू नयेत. उकिरडा कुत्र्यांना बोलावितो आणि कुत्री बिबट्याला बोलावितात.

यात नवे काही नाही. आपल्या आज्या दिवे लागण्याच्या वेळी कोंबड्या डालीत. डालगे पालथे घालून त्यावर दगड ठेवीत, आणि मगच चुलीकडे वळत. कोंबडी पाळणे आम्ही शिकवीत नाही, पण ती सांजवेळची निष्ठा शिकण्यासारखी होती. पिल्लू गेले तर त्या घारीला दोन शिव्या देत आणि मग स्वतःच्या कपाळाला हात लावीत, "मीच डालायला उशीर केला." त्या निरक्षर बाईला शिबीची कथा ठाऊक नसेल. हिशेब मात्र तिचा बरोबर होता.

खर्चाला मठाचे सहा हजार रुपये लागले आणि मुलांचे दोन रविवार गेले. ज्या आठवड्यात पिल्ले झाली त्याच आठवड्यात हा खर्च केला असता, तर दोन ससे आणि एक घारीचे पिल्लू आज आपल्यात असते. तेव्हा मुलाच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही सर्वांसमोर दिले. घारीला पाप नाही. तुम्हा मुलांचे अर्धे, कारण तुम्ही रागावला होता पण विचारायला आला होता. उरलेले सर्व माझे. एकदा छप्पर न घालण्याचे आणि एकदा तोंड न उघडण्याचे. मुले गप्प बसली. एका लहानग्याने विचारले, "मग अप्पाजी, तुम्ही काय प्रायश्चित्त घेणार?" आम्ही म्हटले, "रोज संध्याकाळी ती कडी मी लावीन."

तेव्हापासून मठात असताना ते काम आम्ही कोणाला दिलेले नाही. सायंपूजेला बसण्याआधी आवाराकडे जायचे, ससे मोजायचे, जाळीवरून एकदा हात फिरवायचा, दोन्ही कड्या लावायच्या. चार-पाच मिनिटांचे कायक आहे. परगावी जावे लागले तर तो मुलगा लावतो. पावसात, थंडीत, कंटाळा आलेल्या दिवशी ते करावे लागते तेव्हा कळते की दया ही भावना म्हणून फार थोडा वेळ टिकते. पिल्लाचा आवाज ऐकून जी उचंबळून आली ती दया तासाभरात दगड झाली होती. जी रोज कडी लावते, तिला कायकाचे रूप आल्यामुळे ती टिकते. शरणांनी दयेला भावनेवर सोडले नाही, तिला कायक आणि दासोह यांत बांधून ठेवले, याचे मर्म येथे आहे.

2024 च्या हिवाळ्यात चिंचेवर पुन्हा काटक्या दिसू लागल्या. तीच घार की दुसरी, हे सांगता येत नाही. मुलांनी वर पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. मी या वेळी मौन धरले नाही. "राहू दे," म्हणालो, "तिचे घर आधीचे आहे." खाली ससे आपल्या छपराखाली गवत खात होते. वर तिची पिल्ले मोठी झाली आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उडून गेली. मधल्या काळात तिने त्यांना काय भरविले हे आम्हाला ठाऊक नाही. कोठेतरी काही जीव गेलेच असतील. तो हिशेब ज्याने घार आणि ससा दोन्ही घडविले, त्याच्याकडे आहे. आपल्याकडे हिशेब आहे तो आपल्या दाराच्या कडीचा.

वाचकहो, आपल्या दाराशी जो मुका जीव बांधलेला आहे, त्याच्याकडे आज संध्याकाळी एकदा जाऊन पाहावे. त्याची पळण्याची वाट आपण बंद केली आहे ना? मग त्याच्या डोक्यावर छप्पर आहे का?

शरणु शरणार्थी.